एका देशाचं पायलट लायसन्स दुसऱ्या देशात चालतं का?

सहसा थेट चालत नाही. 1944 च्या शिकागो करारामुळे लायसन्सचे किमान निकष जगभर सारखे आहेत. पण परदेशी नोंदणीचं विमान उडवायचं, तर सहसा त्या देशाची मान्यता लागते.

आधी ठरवा, हौस म्हणून उडवायचंय की नोकरी करायचीय? कारण रस्ते दोन आहेत. व्हॅलिडेशन म्हणजे मूळ लायसन्सच्या आधारावर मिळणारी परवानगी. मूळ लायसन्स संपलं की तीही संपते. कन्व्हर्जन म्हणजे त्या देशाचं स्वतंत्र लायसन्स.

अमेरिकेत हौशी उड्डाणासाठी परदेशी लायसन्सवर प्रायव्हेट सर्टिफिकेट (खासगी उड्डाणाचं लायसन्स) मिळतं. एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतूक नियामक संस्था, आधी तुमच्या देशाकडून लायसन्सची खातरजमा करून घेते, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. त्या सर्टिफिकेटवर मूळ लायसन्सचा नंबर छापलेला असतो. नूतनीकरणात तो नंबर बदलला, तर हातातलं सर्टिफिकेट निरुपयोगी होतं! बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. उडवण्यापूर्वी तिथल्या इन्स्ट्रक्टरकडून फ्लाइट रिव्ह्यूही (ज्ञानाची आणि उड्डाण कौशल्याची उजळणी-तपासणी) करून घ्यावा लागतो. या सर्टिफिकेटवर पैसे घेऊन उड्डाण करता येत नाही.

युरोपात एअरलाइनची नोकरी हवी असेल, तर एटीपीएलच्या (एअरलाइन पायलटचं लायसन्स) 13 विषयांचे पेपर, तिथलं मेडिकल आणि स्किल टेस्ट (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा). हजारो तासांचा अनुभव असला तरी पेपर सुटत नाहीत, त्यामुळे अभ्यासाला भरपूर वेळ ठेवा.

आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही, आजच नीट लावा. पीआयसी (मुख्य पायलट म्हणून केलेले तास), ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे तास), रात्रीचे तास, प्रत्येक रकान्याची बेरीज जुळली पाहिजे. पासपोर्टवरचं आणि लायसन्सवरचं नावही अक्षरशः एकच हवं.