युद्धबंदी, शस्त्रसंधी की तह?

विट्याच्या एका परीक्षार्थीने विचारलंय: 'बातम्यांत युद्धबंदी, युद्धविराम, शस्त्रसंधी, तह हे शब्द सरमिसळ येतात. उत्तरपत्रिकेत कुठला कुठे लिहायचा?'

आधी करार वाचा. सही कुणाची, थांबलं काय आणि मूळ वादाचं काय केलं, एवढं कळलं की शब्द ठरतो.

युद्धबंदीत फक्त लढाई थांबते. फौजा असतील तिथेच राहतात. काश्मीरमध्ये ती १ जानेवारी १९४९ पासून लागू झाली आणि दोन्हीकडच्या फौजांमधली रेषा त्याच वर्षी २७ जुलैला कराचीत ठरली. ती 'युद्धबंदी रेषा'. 'नियंत्रण रेषा' हे नाव २ जुलै १९७२ च्या सिमला कराराने आलं, तेही १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून झालेल्या रेषेला. म्हणून १९६५ च्या युद्धावरच्या उत्तरात 'नियंत्रण रेषा ओलांडली' लिहिणं चूकच. या दोन्ही रेषा आंतरराष्ट्रीय सीमेहून वेगळ्या, हेही विसरू नका. कराचीच्या करारात एक जागा मात्र मोघम राहिली. नकाशावर पुढे एनजे ९८४२ या नावाने ओळखल्या गेलेल्या बिंदूपर्यंत रेषा बारकाईने सांगितली आणि पुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' म्हणून सोडून दिली. १९८४ मध्ये सियाचीनवर संघर्ष पेटला तो याच न आखलेल्या भागात. करारातला प्रत्येक शब्द तोलून का लिहायचा, ते इथे दिसतं.

हिंदी पुस्तकांतून अभ्यास करणाऱ्यांनी सांभाळावं: हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे युद्धकैदी. युद्धविराम हा मराठीत युद्धबंदीच्याच अर्थाने चालतो, त्यावर अडू नका.

शस्त्रसंधी त्यापुढची पायरी. तिच्यावर बहुधा सेनापतींच्या सह्या असतात आणि फौजा किती मागे घ्यायच्या, कैदी कसे सोडायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. कोरियात २७ जुलै १९५३ ला ती झाली, दोन्ही बाजू सुमारे दोन-दोन किलोमीटर मागे सरल्या. शांतता करार मात्र आजतागायत नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ची जर्मनीबरोबरची शस्त्रसंधी तर आधी ३६ दिवसांचीच होती, मग मुदत वाढवत नेली. त्या काळात जर्मनीची सागरी नाकेबंदी चालूच होती. व्हर्सायचा तह व्हायला २८ जून १९१९ उजाडला. वर्तमानपत्रं सीमेवरच्या साध्या युद्धबंदीलाही 'शस्त्रसंधी' म्हणतात. बातमीत ते खपतं, राज्यशास्त्राच्या उत्तरात हा भेद पाळावा.

तहात राज्यं स्वतः बांधली जातात आणि वाद कलमावार मिटवला जातो. आपल्याकडचा वारणेचा तह घ्या. १३ एप्रिल १७३१ ला साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात तो झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख ठाण्या-किल्ल्यांसह कोल्हापूरकडे गेला. मिरज प्रांत आणि तासगाव, अथणी ही ठाणी साताऱ्याकडे आली. एकमेकांच्या शत्रूंचं पारिपत्य करावं, एकाकडून निघालेला चाकर दुसऱ्याने ठेवू नये, हीसुद्धा कलमं त्यात आहेत. हे चाकराचं कलम फार शहाणपणाचं, कारण नाराज सरदार पलीकडे जाऊन पुन्हा भांडण लावत.

तह म्हटला की बरोबरी आली, असं मात्र धरू नका. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. ती कलमं मोगली फौजेच्या बळावर ठरली. अशा ठिकाणी 'समेट' किंवा 'सलोखा' लिहू नये, 'तह' हाच शब्द ठेवावा.