अफाट थापांच्या किश्श्यांसाठी प्रसिद्ध असलेला जर्मन सरदार बॅरन म्युंशहाउझेन खरंच होऊन गेला का, आणि तो खरंच एवढा खोटारडा होता का?

होऊन गेला की, चांगला हाडामांसाचा माणूस होता. पूर्ण नाव हिएरोनिमस कार्ल फ्रीडरिश फॉन म्युंशहाउझेन, जन्म १७२०, गाव वेझर नदीकाठचं बोडेनवेर्डर. मी हानोवरला नोकरीला असताना एका रविवारी गेलो होतो तिथे. त्याच्या वाड्यात आता नगरपालिकेचं ऑफिस आहे आणि समोर कारंजं, त्यात साहेब अर्ध्या घोड्यावर बसलेत, घोडा पुढून पाणी पितोय आणि मागचा भागच नाही म्हणून सगळं पाणी मागून बदाबदा बाहेर. माझी लेक तिथून हलायलाच तयार नव्हती.

आता खोटारडेपणाचं. पोरसवदा वयात हा रशियाच्या घोडदळात गेला, बरीच वर्षं रीगात (आताच्या लॅटव्हियात) होता. पुढे जी कॅथरीन द ग्रेट झाली ती मुलगी १७४४ मध्ये रशियाला चालली होती, तेव्हा रीगात तिच्या मानवंदनेच्या तुकडीवर हाच होता. त्याच वर्षी याकोबिने फॉन डुंटेनशी लग्न केलं, १७५० मध्ये नोकरीत बढती घेतली आणि मग बायकोला घेऊन गावी येऊन राहिला. पुढे काय, जमीनजुमला, शिकार आणि जेवणानंतर पाइप पेटवून मित्रांना एकेक लोणकढी. घोडा म्हणे रात्री बर्फातल्या खुंट्याला बांधला, सकाळी बर्फ वितळलं तर तो चर्चच्या शिखराला लटकतोय! हे सगळं चेहऱ्यावरची रेषही न हलवता. पण ऐकणाऱ्यांना माहीत असायचं ना की गडी फेकतोय, त्यातच तर मजा होती, याला खोटं बोलणं कसं म्हणायचं?

खरा भामटा दुसराच. रुडॉल्फ एरिश रास्पे, कासेलच्या राजाच्या संग्रहातली नाणी लंपास करून १७७५ मध्ये इंग्लंडला पळालेला. पैशांची चणचण होती म्हणून त्याने १७८५ मध्ये हे किस्से इंग्रजीत छापले, स्वतःचं नाव न घालता, बॅरनचं मात्र घालून. पुढच्याच वर्षी ग्योटिंगेनच्या ब्युर्गर नावाच्या कवीने ते जर्मनमध्ये आणले, वर स्वतःची भर घातली, स्वतःचेच केस धरून घोड्यासकट दलदलीतून वर येण्याचा किस्सा त्याचाच, आणि नाव त्यानेही लपवलं. झालं, बॅरनचा ‘थापाड्या बॅरन’ झाला. लोक घराबाहेर बघायला जमायचे, त्यांना हाकलायला नोकर उभे करावे लागले म्हणतात. बिचारा जाम चिडला होता, पण छापलेलं कोण पुसणार?

घरातही पुढे वाईटच झालं. मूलबाळ नसलं तरी ४६ वर्षं सुखाचा संसार झाला होता, १७९० मध्ये याकोबिने गेली. मग १७९४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, याने विशीतल्या बेर्नहार्डिनेशी लग्न केलं (म्हातारचळ, दुसरं काय). पुढच्या वर्षी मुलगी झाली, हा म्हणे माझी नाही, घटस्फोटाची केस कोर्टात आणि त्या केसने पार धुऊन काढला, १७९७ मध्ये गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

आणि १९५१ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरने, खोटी दुखणी सांगून हॉस्पिटलं पालथी घालणाऱ्या पेशंटच्या आजाराला याचं नाव दिलं, मंचाउसेन सिंड्रोम. बॅरनने स्वतः कधी दुखण्याचं ढोंग केल्याचं काही ऐकिवात नाही. बरं, जर्मन स्पेलिंगमध्ये दोन एच आहेत, आजाराच्या नावात एकच, म्हणजे स्पेलिंगसुद्धा त्या नाणीचोराच्या पुस्तकातलंच.