उत्तर: इंजिन कव्हर मागून निघत नाहीये – आधी तो स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की फोक्सवॅगन पोलो डिझेलच्या इंजिनावरचं काळं कव्हर पुढून सुटलं पण मागे एका बाजूला अडकून बसलंय, फटीतून उंदराच्या लेंड्या दिसतायत, आणि ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटा, काही होत नाही. होतं हो. माझीपण तीच गाडी आहे, १.५ टीडीआय, २०१५ ची, आणि त्या "काही होत नाही" चं बिल मी भरलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

बॉनेट कसं उघडायचं वगैरे तुम्हाला माहीत आहेच. या कव्हरला स्क्रू नाहीत. खालून रबरी ग्रोमेट, म्हणजे वाटीसारखी छोटी रबरं आहेत आणि ते इंजिनवरच्या गोल डोक्याच्या पिनांवर दाबून बसवलेले असतात. नवीन गाडीत हाताने खटकन निघतं, पण वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन रबर कडक होतं आणि पिनेला घट्ट धरून बसतं. त्यात तुम्ही पुढची बाजू उचलून धरलीय म्हणजे मागचं रबर तिरकं झालंय, वाटीत वाटी अडकते तसं, आता जितकं वर ओढाल तितकं जास्त आवळणार. म्हणून आधी पुढची बाजू परत खाली आणा, पूर्ण दाबून बसवू नका, नुसती सपाट करा. मग जिथे अडकलंय त्याच पिनेच्या शक्य तितकं जवळ दोन्ही हातांची बोटं खाली घाला आणि सरळ वर. कोपरा धरून नाही. कोपरा धरला की सगळा जोर ग्रोमेट ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतं तिच्यावर येतो आणि तीच पहिली तुटते.

थंडीत सकाळी सकाळी हे करू नका. जवळपास एक चक्कर मारून या, मग अर्धा-पाऊण तास थांबा, हात लावता येईल इतपत कोमट असताना रबर ऐकतं. (गाडी फिरवायच्या आधी जितकं दिसतं तितकं वायरिंग टॉर्च मारून बघून घ्या, उंदराने कुरतडलं असेल तर चक्कर वगैरे विसरा, थंडच काढा, जरा जास्त वेळ लागेल इतकंच.) फॅन गाडी बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, हात जपा. तरी नाहीच आलं तर सिलिकॉन स्प्रे नळीने थेट पिनेवर, नाहीतर बोटाने थोडं साबणाचं पाणी. ते सगळ्यांच्या घरात असतं ते डब्ल्यूडी-४० किंवा इंजिन ऑइल लावू नका, तेलाने काही रबरं फुगतात आणि नंतर पिनेवर ढिली बसतात.

आता माझं काय झालं ते. एका मल्टिब्रँड सर्व्हिस सेंटरला (नाव लिहीत नाही, व्यक्तिगत मेसेज करूनही विचारू नका) साध्या सर्व्हिसला गाडी दिली. तिथल्या पोराने कव्हर असंच उचकटलं, मागची एक खोबणी तुटली, आणि न सांगता त्याने ती बाजू केबल टायने शेजारच्या बारीक पाइपाला बांधून टाकली! तो पाइप म्हणजे इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीची) रिटर्न लाइन, उरलेलं डिझेल परत नेणारी. डिझेल इंजिन आयडलला किती थरथरतं तुम्हाला माहीत आहे, ते कव्हर दर थरथरीला तो पाइप ओढत राहिलं आणि इंजेक्टरवरच्या जोडापाशी डिझेल पाझरायला लागलं. खाली एक थेंब नाही, कारण कव्हरच्या आतला फोम सगळं पिऊन घेत होता. मला कळलं ते फक्त एसीतून येणाऱ्या वासाने. बाहेरची हवा बंद केली की वास कमी, चालू केली की परत, म्हणजे वास बॉनेटखालूनच येतोय एवढं माझ्यासारख्यालाही कळत होतं. काउंटरवरच्या साहेबांना कळत नव्हतं. आधी म्हणाले डिझेल गाडी आहे, वास येणारच. मग म्हणाले इंजेक्टरची सीलं गेलीत, चारही उतरवावे लागतील, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी उचलून घरी आणली. दुसऱ्या एका साध्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने कव्हर काढलं, टाय दाखवला, तो बारीक पाइप बदलला, संपलं. परत काउंटरवर गेलो तर उत्तर काय, "कव्हर आधीपासून तुटलेलं असणार, जॉब कार्डवर कुठे लिहिलंय?" जॉब कार्डवर खरंच काही नव्हतं, कारण लिहिणारे तेच. तक्रारीची वही मागितली तर मॅनेजर रजेवर. तो मॅनेजर अजून रजेवरच असावा.

तेव्हापासून गाडी कुठेही देताना मी बॉनेट उघडून वरून एक फोटो काढतो आणि जॉब कार्डवर "इंजिन कव्हर शाबूत" असं लिहून घेतो. अॅडव्हायझर हसतात, हसू दे. डॅशबोर्डवरची आधीपासूनची ओरखड त्यांना लिहिता येते तर हेही येतं.

माझं मत, पटलं तर घ्या, मी मेकॅनिक नाही: तुटलेलं, ढिलं कव्हर बांधून फिरवण्यापेक्षा बिनकव्हरची गाडी बरी. ते मुख्यतः आवाज दाबायला आणि थोडी धूळ-पाणी अडवायला आहे, काही दिवस नसल्याने इंजिनाला काही होत नाही, फक्त टकटक जास्त ऐकू येईल. तेवढ्या काळात वॉशिंगवाल्याला बॉनेटखाली प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. आणि नुसतं ग्रोमेटच गेलं असेल तर अख्खं कव्हर घ्यायची गरज नाही, ग्रोमेट सुटं मिळतं, काउंटरवाला नाही म्हणाला तरी स्पेअर पार्टच्या दुकानात जुनं घेऊन जा.

निघाल्यावर लगेच उलटं करून सगळी रबरं जागेवर आहेत का बघा. एखादं पिनेवरच राहिलं असेल तर काढून परत कव्हरच्या खोबणीत बसवा, पिनेवर ठेवून वरून कव्हर दाबलं की सरकतं. खाली पडलं तर चुंबकाची काठी फिरवत बसू नका, रबर आहे ते, बहुतेक खालच्या अंडरट्रेत सापडेल.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: हे सगळं नुसतं ओढून निघणाऱ्या कव्हरचं झालं. काही गाड्यांत दहाच्या पान्याचे बोल्ट असतात, काहींत मागे खाच असते म्हणजे पुढून उचलून आपल्याकडे ओढायचं. पोलोच्याच जुन्या १.२ तीन सिलिंडर पेट्रोलमध्ये हे कव्हर म्हणजे एअर फिल्टरची पेटी आहे, त्याचे पाइप न सोडवता हिसका दिलात तर वेगळाच खर्च.

लेंड्यांचं म्हणाल तर कॉम्प्रेसरची हवा मारून उडवू नका, उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो तापाचं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हातमोजे, मास्क, जंतुनाशकाने ओलं करायचं आणि मग पुसून घ्यायचं. फोम कुरतडून घरटं केलं असेल तर तेवढा भाग कापून टाका, लोंबणारा तुकडा बेल्टकडे जायला नको. मिरची, तंबाखू, फिनाईलच्या गोळ्या सगळे सांगतील, माझ्याकडे एकाचाही उपयोग झाला नाही, गाडी रोज हलवली तेव्हाच उंदीर यायचे थांबले.

कव्हर निघालं की आतल्या फोमचा आणि इंजेक्टरवरच्या बारीक पाइपांचा फोटो इथे टाका. फोम हाताला तेलकट लागतोय का आणि डिझेलचा वास आहे का, तेही लिहा, असेल तर पाइप तपासून होईपर्यंत गाडी चालू करू नका.