मी चित्रकार आहे, नवीन घर बांधतोय. स्टुडिओची खोली कुठल्या दिशेला घ्यावी?

उत्तरेला घ्या, आणि मोठी खिडकी त्याच भिंतीत ठेवा. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे सकाळी मिसळलेला रंग दुपारी वेगळाच दिसतो ही कटकट बरीच कमी होते. ले कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं १९२२ साली पॅरिसमध्ये ओझाँफाँ या चित्रकाराचं घर डिझाइन केलं तेव्हा स्टुडिओ चक्क सगळ्यात वरच्या मजल्यावर नेला, भरपूर काच लावून, कारण घराचं खरं काम तिथेच होणार होतं. खिडकीची खालची कड मात्र डोक्याच्या उंचीच्या वर घ्या, नाहीतर ऑइलचा ओला रंग असा चमकतो की कॅनव्हास तिरका करून करून मान आखडते (हे अनुभवानं सांगतोय). भिंतींना पांढरा किंवा फिका राखाडीच द्या, पिवळी भिंत असली की तिची झाक थेट पॅलेटवर उतरते. रात्री काम करणार असाल तर ९० च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) असलेले एलईडी, साधारण ५००० केल्विनचे, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे. फक्त एक, हे सगळं उत्तर गोलार्धासाठी, दक्षिण गोलार्धात घर असेल तर खिडकी दक्षिणेला.