फंडिंगच्या पैशातून हाती किती उरतं?

प्रश्न : सोयाबीन विकून दीड लाख रुपये आलेत. बिटकॉइन घेऊन तेवढाच फ्युचर्समध्ये (वायद्यात) शॉर्ट केला, म्हणजे विकला, तर भाव कुठेही जावो, दर आठ तासांनी फंडिंग मिळतं असं कळलं. हे खरं आहे का? लिव्हरेज, म्हणजे ठेवलेल्या पैशाच्या किती पट सौदा, किती घ्यावं? — एक वाचक, लातूर

उत्तर : पद्धत खरी आहे. लातूरच्या बाजारातल्या माणसाला ती नवखीही वाटू नये. माल वखारीत ठेवून वायदा विकायचा आणि दोन भावांतला फरक कमवायचा, तोच हा घाट. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, त्याआधी ही सोय तिथेही होती. त्या वायद्याला मुदत असते, त्यामुळे फरक आपोआप मिटतो. क्रिप्टोच्या पर्पेच्युअल फ्युचर्सला मुदतच नाही. म्हणून भाव हजर बाजाराजवळ ठेवायला दोन बाजूंत पैसे फिरवतात, तेच फंडिंग. दर धन असेल तर लाँगवाले (वायदा घेतलेले) शॉर्टवाल्यांना देतात, ऋण झाला तर तुम्ही द्यायचे. बहुतेक ठिकाणी हिशोबाच्या वेळा पहाटे ५.३०, दुपारी १.३० आणि रात्री ९.३०. त्या क्षणी पोझिशन उघडी असेल तरच फंडिंग लागू होतं.

आता तुमचे दीड लाख. १ लाखाचा बिटकॉइन घ्या, ५० हजार मार्जिन (तारण) ठेवून १ लाखाचा शॉर्ट करा. फंडिंग मार्जिनवर नाही, पूर्ण १ लाखावर मोजतात. बाजार शांत असताना दर बहुधा ०.०१ टक्क्यावर असतो. म्हणजे दर वेळी १० रुपये, दिवसाला ३०, वर्षाला १०,९५०. दीड लाखावर हे ७.३ टक्के झाले, तेही दर वर्षभर टिकला तर. दलाली हजर बाजारात ०.१ आणि फ्युचर्समध्ये ०.०५ टक्के धरली, तर जाता-येता ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३५४. पहिले बारा दिवस त्यातच जातात.

पण खरा घाव कराचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, उपकरासह ३१.२. या नफ्यातून दुसरा कुठलाही तोटा वजा होत नाही. समजा भाव २० टक्के चढला. हजर बिटकॉइनवर २० हजार नफा, शॉर्टवर २० हजार तोटा, तुमच्या हाती शून्य. तरी बिटकॉइन विकलात की ६,२४० रुपये कर लागतो. सात महिन्यांचं फंडिंग एका फटक्यात गेलं! भाव पडला तरी सुटका नाही. बिटकॉइनवरचा तोटा शॉर्टच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. तो विवरणपत्रात जुळवता येतो, पण तोवर अडकून पडतो. रुपयांतून आधी यूएसडीटी (डॉलरशी बांधलेला कॉइन) आणि मग बिटकॉइन असं केलंत तर टीडीएस एकदा जास्त कापला जातो, म्हणून थेट रुपयांच्या जोडीतच घ्यावा.

लिव्हरेज दोनपटीच्या वर नको. दोनपटीला भाव साधारण ४९ टक्के चढेपर्यंत शॉर्ट टिकतो, दहापटीला साडेनऊ टक्क्यांच्या आतच लिक्विडेट होतो, म्हणजे मार्जिन संपत आल्याने एक्स्चेंज तो बंद करतं. बिटकॉइन दुसऱ्या वॉलेटमध्ये असतो, त्याचा नफा शॉर्टच्या मार्जिनला आपोआप मिळत नाही. शॉर्ट उडाला की हातात उरतो तो नुसता चढ्या भावाचा बिटकॉइन. तिथून भाव उतरला तर नुकसान थेट तुमचं.

दोन्ही बाजूंत रुपये नाही, कॉइनची संख्या जुळवा. काही ठिकाणी दलाली कॉइनमधूनच कापतात. ०.०१ घेतला तर ०.००९९९ हातात येतो, शॉर्ट त्या हिशोबाने लावावा. ऑर्डर चार-पाच तुकड्यांत टाका, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू लागोपाठ.

जूनमध्ये बियाणं-खताला लागणारा पैसा यात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दीड लाखावर हे गणित जमत नाही.

प्रश्न : एका छोट्या कॉइनचा फंडिंग दर ०.३ टक्के दिसतोय. तिथे शॉर्ट करावा का? — एक वाचक, जालना

उत्तर : एवढा दर फार टिकत नाही. अशा कॉइनचा फंडिंगचा कालावधी आठ तासांवरून चार किंवा एका तासावरही आणतात, त्यामुळे आधी तो पाहा. ऑर्डर बुक पातळ असेल, म्हणजे घेणारे-विकणारे कमी असतील, तर आत शिरताना अर्धा आणि निघताना अर्धा टक्का सहज जातो. तीन वेळचं फंडिंग तिथेच संपलं.

आणखी एक धोका ऑटो-डिलिव्हरेजिंगचा. समोरच्या बाजूचं नुकसान भरून निघत नसेल, तर एक्स्चेंज नफ्यातल्या पोझिशन स्वतःहून बंद करतं. ऑक्टोबर २०२५ च्या पडझडीत अनेकांचे शॉर्ट असेच बंद झाले आणि पडत्या भावात हजर माल तेवढा गळ्यात राहिला.

प्रश्न : टेलिग्रामवर ‘फंडिंग बॉट’ रोज १ टक्का देतो म्हणतात. — एक वाचक, परभणी

उत्तर : नेहमीचा दर दिवसाला ०.०३ टक्के आहे, त्याच्या तेहेतीसपट कोणीही रोज देऊ शकत नाही. पैसे देऊ नका. एपीआय की (तुमच्या खात्यावर बॉटला व्यवहार करू देणारी किल्ली) दिली असेल तर आजच रद्द करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा.