'फ्रूट पंच'मधला पंच कुठला?

एका वाचकाने विचारलं आहे: हॉटेलच्या मराठी मेनूकार्डावर 'फ्रूट पंच'चं भाषांतर 'फळांचा ठोसा' असं छापलेलं पाहिलं. हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?

साफ चूक आहे. 'फ्रूट पंच' असंच लिहावं, भाषांतर करायची गरजच नाही. तो शब्द आपल्याकडूनच गेला आणि शिकून परत आला. बॉक्सिंगमधला पंच आणि तिकिटाला भोक पाडणारा पंच हे युरोपातल्या टोचणे, भोसकणे अशा अर्थाच्या शब्दांच्या घरातले. त्यांचा या प्याल्याशी काही संबंध नाही. तरीही 'प्यायल्यावर डोक्यात ठोसा बसतो म्हणून पंच' ही व्युत्पत्ती लग्नाच्या स्वागत समारंभापासून बारच्या काउंटरपर्यंत ठणकावून सांगितली जाते. ऐकून ऐकून कान किटले!

आता मुद्द्याची गोष्ट. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईला आला. पुढे तो गोव्यालाही गेला आणि त्याने लिहून ठेवलं की, नेरूळला सगळ्यात उत्तम अर्क गाळतात आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पाँच' नावाचं अंगातलं त्राण घालवणारं पेय करतात. हिंदुस्थानी भाषेत पाच म्हणजे 'पाँच', आणि यात पाच जिन्नस पडतात, हा खुलासाही त्यानेच केला आहे. (हे नेरूळ बारदेशातलं, नवी मुंबईतलं नव्हे.) अर्क माडाच्या सुरेचा. तो नुसता घशाखाली उतरेना, म्हणून त्यात साखर, लिंबू, पाणी आणि वर किसलेलं जायफळ. गोऱ्यांनी स्वतःसाठी शोधलेली ही सोय होती आणि तिचं नाव त्यांनी बाजारातून उचललं.

फ्रायरच्या आधी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. तिथे दर शुक्रवारी प्रार्थना झाली की वखारीचा प्रमुख आणि त्याचे तीन नातेवाईक व्यापारी एकत्र बसत. चौघांच्याही बायका इंग्लंडात राहिलेल्या. घरून निघाले तो वार शुक्रवार, म्हणून दर शुक्रवारी बायकांच्या आरोग्यासाठी प्याले उचलायचे असा नेमच त्यांनी केला होता. काही जण या पत्नीस्मरणात झेपेल त्यापेक्षा जास्त घेत, असंही मांडेल्स्लो नोंदवतो. तिथे जे पेय होतं त्याला तो 'पालेपुंट्झ' म्हणतो. त्यातलं 'पाले' म्हणजे इंग्रजीतला बोल, मोठा वाडगा. फ्रेंच प्रवासी हाच शब्द 'बुलपाँज' असा लिहितात. इंग्रज 'बोल ऑफ पंच' म्हणत असणार आणि परक्या कानांनी ते सगळं मिळून एकच नाव समजून घेतलं. मला या शब्दाच्या प्रवासात सगळ्यात गोड वाटतं ते हेच.

आणि म्हणूनच ज्यांचं म्हणणं 'पंचन' या पिंपाच्या इंग्रजी नावावरून पंच आला असं आहे, त्यांचं मला मुळीच पटत नाही. पिंप कुठे दिसतंय? जर्मन असो की फ्रेंच, ज्याने हा शब्द ऐकला त्याने वाडग्यासकट ऐकला. इंग्रजीतला आतापर्यंत सापडलेला जुना उल्लेखसुद्धा १६३२ च्या एका पत्रातला, आणि ते पत्र कंपनीच्या एका माणसाने हिंदुस्थानातच, पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या सहकाऱ्याला धाडलेलं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी स्वरावर बोट ठेवलं: त्या काळच्या इंग्रजी उच्चारातला 'उ' आपल्या 'पंच'शी जुळत नाही. पण इंग्रजांनी संस्कृत 'पंच' ऐकला असं धरूनच का चालायचं? गोव्यात, सुरतेत, बाजारात कानावर पडायचा तो 'पांच', लांब आणि नाकातला. फ्रायर स्पेलिंग करताना पी-ए-यू लिहितो, फ्रेंच माणूस ओ लिहितो. दोघांनाही लांब, रुंद स्वर ऐकू आला होता. एकोणिसाव्या शतकातल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने पाचाचीच बाजू घेतली होती आणि ती योग्य होती.

दुसरा आक्षेप जिन्नसांच्या संख्येवर. मांडेल्स्लो चारच सांगतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. बर्निए या फ्रेंच प्रवाशाच्या यादीतही चारच. मग पाच कुठले, असं विचारतात. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कधी गणपतीत खिरापत खाल्लेली नसावी. पंचखाद्य म्हणजे खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. सगळे 'ख'वाले, मोजून पाच. पण आमच्या आळीत त्यात बदाम पडतात, वेलची पडते, एखाद्या घरी खसखस नसतेच, तरी नाव पंचखाद्यच राहतं. गावचे पंच पाचाचे सात झाले तरी पंचच. क्रिकेटच्या मैदानावर दोघेच उभे असतात, त्यांनाही आपण पंच म्हणतो आणि पडद्यासमोर बसलेल्याला तिसरा पंच. एकदा नाव पडलं की आकडा मोजायला कोणी बसत नाही.

मात्र उत्साहाच्या भरात 'पंच म्हणजे आपलं पंचामृत' असं सांगणाऱ्यांनीही थांबावं. दूध, दही, तूप, मध, साखर यांतली एकटी साखर सोडली तर वाडग्यात काहीच सामाईक नाही. आकडा एक असल्याने नातं जुळत नाही.

१६९४ हे साल या बाबतीत फार मजेचं आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने चक्क हुकूम काढला: खाणावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाने एक क्वार्ट गोव्याचा चांगला अर्क, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपणच करावा. वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल तर वाडगा खुशाल फोडावा, ना वाडग्याचे पैसे द्यावेत ना पंचाचे! खाणावळवाले मापात किती मारत असतील ते यावरून कळतं.

त्याच वर्षी तिकडे स्पेनमध्ये इंग्रज आरमाराचा प्रमुख एडवर्ड रसेल याने मेजवानी दिली आणि बागेतलं कारंजंच पंचाने भरलं. तिचं जे वर्णन पुढे छापलं जात राहिलं त्यात २५,००० लिंबं, ५ पौंड किसलेलं जायफळ आणि ३०० भाजकी बिस्किटं आहेत. एक पोरगा छोट्या होडीत बसून कारंज्यात फिरत पाहुण्यांचे प्याले भरत होता. बिस्किटं वाचून लोक हसतात, पण बुले-ल-गूझ या फ्रेंच प्रवाशाने १६५३ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या पंचाचे जिन्नस दिले आहेत ते असे: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजकं बिस्किट. मोजा. पाचच भरतात.