चित्र तिरकं का पडतं, जोडाक्षरं का तुटतात? ग्राफिक्स प्रोग्रामिंगची प्रश्नोत्तरे

यावेळच्या पत्रांत ठाणे आणि नवी मुंबईचा भरणा आहे. तयार इंजिन बाजूला ठेवून, सी किंवा सी++ मध्ये थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा गेम लिहू पाहणारी इतकी मंडळी आपल्याकडे आहेत, हे पाहून मनापासून आनंद झाला.

ताई, मी ऐरोलीला राहते, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी येते. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळे म्हणतात थेट वल्कन शीक. शिकू का?

एवढ्यात नको. ड्रायव्हर पडद्यामागे करत असलेली बरीच कामं प्रोग्रामरच्या हाती यावीत म्हणून २०१६ साली वल्कन हा ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा इंटरफेस आला. मेमरी कुठे ठेवायची, कोणतं काम कशासाठी थांबेल, सगळं आपणच सांगायचं. म्हणून साध्या त्रिकोणालाही हजाराच्या घरात ओळी लागतात. रेलिब या लायब्ररीत खिडकी उघडून आकृती काढायला पंधरा-वीस ओळी पुरतात आणि ती जुन्या यंत्रांवरही चालते. तिच्यासोबत शंभरावर उदाहरणं मिळतात. ती नुसती चालवून बघू नकोस. एक उघड, त्यातली एखादी ओळ काढ, आता काय बिघडेल ते आधी वहीत लिही आणि मग चालव. अंदाज चुकला की तिथेच थांबून कारण शोध. पुढे रेलिबच्या पोटातली ‘आरएलजीएल’ ही फाइल वाच. ओपनजीएल या वल्कनच्या आधीच्या, सोप्या इंटरफेसचे बहुतेक कॉल तिथेच आहेत. ती समजू लागली की खिडकी उघडून देणारी एसडीएल किंवा जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी घेऊन ओपनजीएल ३.३ स्वतः लिही. लॅपटॉप बदलायची घाई करू नकोस.

नौपाड्याहून: एसटीबी इमेज या चित्र वाचणाऱ्या लायब्ररीने जेपीजी वाचून ओपनजीएलला देतो. ५१२ पिक्सेल रुंदीचं चित्र छान दिसतं. २५० रुंदीचं मात्र तिरकं पडतं, रंगही विस्कटतात. फाइल खराब आहे का?

फाइल ठणठणीत आहे, घोळ ओळींच्या मापात आहे. २५० पिक्सेल, प्रत्येकी लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट, म्हणजे एका ओळीचे ७५० बाइट. एसटीबी इमेज या ओळी एकमेकींना चिकटून ठेवते. ओपनजीएल मात्र वेगळं सांगितलं नसेल तर प्रत्येक ओळीची लांबी ४ च्या पटीत धरतं. ७५० ला ४ ने भाग जात नाही, म्हणून ते पुढची ओळ ७५२ बाइट सोडून उचलतं. दर ओळीला २ बाइटचा फरक साचत जातो आणि चित्र कलतं. पिक्सेल ३ बाइटचा आणि फरक २ चा, म्हणून दुसऱ्या ओळीत लालच्या जागी निळा वाचला जातो. ५१२ गुणिले ३ म्हणजे १५३६, त्याला ४ ने भाग जातो, म्हणून ते चित्र निभावलं. धोका पुढेच आहे: खालच्या ओळी वाचताना ओपनजीएल चित्राच्या मेमरीबाहेर जातं, त्यामुळे प्रोग्राम कधीही कोसळू शकतो.

उपाय दोन. ओपनजीएलची ‘अनपॅक अलाइनमेंट’ ही सेटिंग १ करा, किंवा चित्र वाचतानाच शेवटच्या पॅरामीटरमध्ये ४ देऊन चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) मागून घ्या. मी दुसरा वापरते, कारण बहुतेक ग्राफिक्स कार्डं आत तसाही ४ बाइटचाच पिक्सेल ठेवतात. मात्र मग टेक्स्चर (ग्राफिक्स कार्डाला दिलेलं चित्र) भरताना फॉरमॅटही आरजीबीए द्यायला विसरू नका.

घोडबंदर रोडवरून: माझ्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम बरोबर चालतो, मावसभावाच्या १४४ वर सुसाट पळतो.

तुम्ही फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्रामागे, ठरावीक अंतर सरकवताय, म्हणून त्याच्याकडे वेग २.४ पट होतो. हालचालीचं गणित सेकंदाच्या साठाव्या भागाच्या ठरावीक पावलांनी करा. दर फ्रेमला गेलेला वेळ साठवा, त्यात बसतील तितकी पावलं चालवा, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी ठेवा.

महाप्याला नोकरी करतो, फावल्या वेळेत गेम लिहितोय, पुढे विकायचाय. ओपन सोर्स वापरलं तर अडकेन का? क्वेक या जुन्या गेमचा कोडही उघडा आहे म्हणतात.

एसडीएल २ पासून पुढच्या आवृत्त्या, जीएलएफडब्ल्यू आणि रेलिब झेडलिब परवान्यावर आहेत, मेनू-बटणं काढणारी डिअर इमगुई एमआयटीवर. हे सगळं विकाऊ गेममध्ये खुशाल वापरा. एमआयटीचा मजकूर तेवढा गेमसोबत द्या. क्वेकचा कोड १९९९ मध्ये जीपीएलखाली खुला झाला. तो वाचा, शिका, फार मोलाचा आहे. पण त्यातला भाग उचलून गेम वितरित केलात तर तुमचा कोडही जीपीएलखाली द्यावा लागेल. क्वेकची चित्रं, आवाज आणि लेव्हल्स त्या परवान्यात येत नाहीत. आणि ज्या कोडसोबत परवानाच नाही, तो गिटहबवर दिसला तरी उचलू नका.

कोपरखैरण्याहून: वल्कनचं सॅम्पल चालतं, तेच माझ्या प्रोग्राममध्ये आणलं की काळा पडदा.

आधी वल्कनच्या वापरातल्या चुका सांगणारा व्हॅलिडेशन लेअर चालू करा आणि पहिल्या चुकीपासून वाचत या, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यातूनच आलेल्या असतात. त्या संपूनही पडदा काळाच राहिला तर रेंडरडॉक या तपासणीच्या साधनाने एक फ्रेम पकडा. कोणत्या ड्रॉ कॉलनंतर (चित्र काढायच्या आदेशानंतर) पडद्यावर काय उमटलं ते त्यात एकेक करून दिसतं. वल्कन ठरवणारी क्रोनॉस संस्था आणि प्रोग्रामर साशा विलेम्स या दोघांच्याही सॅम्पलच्या संग्रहांत बरीच तयारी सामायिक बेस कोडमध्ये असते. तुम्ही वरची फाइल आणलीत, खालची तयारी तिथेच राहिली असणार.

कळव्याहून: आम्ही दोघी बहिणी मराठी शब्दांचा गेम करतोय. रेलिबमध्ये आधी नुसती प्रश्नचिन्हं आली. फॉन्ट घेताना देवनागरी कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) दिले, तर ‘स्थिती’ तुटून आली. आता शब्दांची चित्रंच करून ठेवावी का?

चित्रं करू नका, तुमचा गेम मला नीट मराठीत खेळायचाय. ‘स्थिती’मध्ये सहा कोडपॉइंट आहेत: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. रेलिब ते आले तसे एकापुढे एक मांडते. अर्धा ‘स’ जोडायचा आणि वेलांटी डावीकडे न्यायची, हे काम शेपिंगचं, आणि ते तिच्यात नाही. हार्फबझ ही खुली लायब्ररी नेमकं तेच करते. तिला शब्द आणि फॉन्ट द्या. ती फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा परत देते. ते आकार फ्रीटाइप या फॉन्ट लायब्ररीने रंगवून टेक्स्चरमध्ये साठवा. साठवताना क्रमांक आकाराचा वापरा, कोडपॉइंटचा नको, कारण अर्ध्या ‘स’ला स्वतःचा कोडपॉइंटच नाही. एवढं लिहायचं नसेल तर एसडीएलची टीटीएफ लायब्ररी हार्फबझसह बांधलेली घ्या.

हार्फबझला भाषा मराठी म्हणून सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घ्या, दोन्ही गेमसोबत देता येतात, परवान्याची फाइल तेवढी जोडा. चाचणीला ‘स्थिती’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ आणि ‘कर्तृत्व’ ठेवा. यातला एखादा तुटला तर कोणता, ते फॉन्टच्या नावासह मला कळवा.